दीड कोस भरमाण्णा

हिंडलग्यापासून बेळगावच्या कॅम्पापर्यंतची वाट दीड कोसाची. लढाईच्या दिवसांत आम्ही चौघे ती रोज सकाळी चालत तोडायचो. मी शाळेवर जायचो, गुंडू कोर्टात पट्टेवाला म्हणून उभा राहायला जायचा, दत्तू लोण्याची बुट्टी डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचा आणि भरमाण्णा कॅम्पातल्या एका दुकानात शिपायांचे खाकी कपडे शिवायला. चौघांत शहाणा मी एकटाच अशी माझी समजूत होती, कारण मी मास्तर होतो. भरमाण्णाचं मत होतं की चौघांतला एकही माणूस पुरा शिवून झालेला नाही. "देवानं कापलंय बरोबर," तो म्हणायचा, "खरं, टीप मारायच्या टायमाला त्येला कुणीतरी हाक मारली असणार."

भरमाण्णाच्या तोंडून कुणाचं चांगलं ऐकलंय असा माणूस आमच्या गावात नव्हता. अंगानं काडी, नाकानं पोपट, आणि गळ्यात चोवीस तास मापाची फीत. ती फीत त्यानं कुणाला लावल्याचं मी कधी पाहिलं नाही. माणसाच्या मागून दहा पावलं चालला की छाती, कंबर, खांदा सगळं त्याच्या डोक्यात उतरायचं, आणि लगेच जिभेवरही. एकदा गुंडूनं दिवाळीला कोट शिवायला टाकला. कोट अंगात असा बसला की गुंडू आरशासमोरून हलेना. मजुरी काय म्हणून विचारलं तर भरमाण्णा म्हणाला, "कोटाची काय मजुरी घेऊ? तुझा उजवा खांदा पडलाय ते झाकल्याची तेवढी दे." तोवर गुंडूला आपला खांदा पडका आहे हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर तो जन्मभर डावीकडे कलून चालला.

आमच्या सकाळच्या चालण्याला नियम होते, आणि ते अर्थातच भरमाण्णानं घातले होते. गावाबाहेरच्या वडापासून कॅम्पाच्या जकात नाक्यापर्यंत प्रत्येकानं एक बातमी आणि एक गाऱ्हाणं सांगायचं. गाऱ्हाणं लहान पाहिजे. ऐकणाऱ्यानं त्याच्यावर उपाय सांगायचा नाही. मी मास्तर असल्यामुळे हा नियम मला फार जड गेला. आणि जो त्या दिवशी आला नसेल त्याचं गाऱ्हाणं दुसऱ्यानं त्याच्या तोंडानं मांडायचं, म्हणजे कुणाचा खाडा पडायला नको. हा शेवटचा नियम आम्हाला सगळ्यांत जास्त आवडायचा, आणि पुढे तोच आमच्या गळ्याशी आला.

माझं गाऱ्हाणं बहुधा मुख्याध्यापकांचं असायचं. एकदा मी सांगितलं की मी नवी टोपी घालून गेलो तर ते सगळ्या शिक्षकांच्या देखत हसले. भरमाण्णानं थांबून टोपीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा हेडमास्तर शाणा दिसतोय." विषय संपला. गुंडूचं गाऱ्हाणं साहेबाच्या कुत्र्याचं. दत्तूचं म्हशीचं. दत्तूची बातमीही म्हशीचीच असायची. "काल लाथ मारली," एवढं बोलून तो थांबायचा, आणि बातमी व गाऱ्हाणं दोन्ही त्यात आलं असं आम्ही धरून चालायचो. "लोणी इकतोय खरं, बोलणं बघा, शिळी भाकरी," असं भरमाण्णा रोज म्हणायचा आणि रोज त्याच्याच शेजारून चालायचा. स्वतः भरमाण्णाचं गाऱ्हाणं शेजारच्या कोंबड्याचं. "दाणे खातोय पाटलाचे आणि आरवतोय माझ्या दारात. तिकडं खाणं, इकडं गाणं." हा कोंबडा आम्ही चार वर्षं ऐकला. तो कापून खाल्ला गेल्यावर त्याच्या मुलाचं गाऱ्हाणं सुरू झालं.

पण एकदा गुंडू वडाखाली आला तो गप्पच. पाळी आली तशी म्हणाला, "धाकट्याला सात दिस ताप हाय. काल वळखलं न्हाय मला." मी लगेच काढ्याचं नाव काढणार, तोच भरमाण्णानं हात आडवा केला. "हे चालत सांगायचं न्हाय," तो म्हणाला. "बसा समदी." आम्ही रस्त्याच्या कडेला दगडांवर बसलो. उन्हं वर आली, शाळेची वेळ टळली, दत्तूचं लोणी बुट्टीत पाघळायला लागलं, तरी कुणी उठलं नाही. गुंडू बोलून मोकळा झाला, रडला, मग भरमाण्णाच त्याला घेऊन डॉक्टरच्या दारात गेला. त्या दिवशी दुकानातून त्याची हजेरी गेली. मूल वाचलं. दुसऱ्या दिवशी गुंडू आभार मानायला लागला तर भरमाण्णा म्हणाला, "तुझ्या पोराचं नाक तुझ्यावर गेलंय. तेवढं डाक्तरला जमलं न्हाय."

अशा माणसाच्या शेजारी राहून दत्तूच्या पोरीचं लग्न ठरायचं होतं.

शेवंता दत्तूची एकुलती एक. तिचं एक स्थळ आधी मोडलेलं होतं. मुलाच्या बापानं ऐनवेळी बैलजोडी मागितली होती. दोष त्यांचा, पण गावात बोलणं व्हायचं ते मुलीचंच झालं. आता निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलाचा बाप जोतीराम आप्पा तंबाखूची पारख करणारा माणूस, नाव चांगलं, मुलगा निर्व्यसनी. म्हणजे तंबाखूच्या गावात जेवढा निर्व्यसनी असू शकतो तेवढा. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. हेही मोडलं तर पोरगी दोनदा परतलेली म्हणून घरात बसणार, हे दत्तूनं आम्हाला सांगितलं नव्हतं. ते लहान गाऱ्हाण्यात बसत नव्हतं. पण आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

आमच्या भागात स्थळाची चौकशी मुलीच्या घरी बसून करत नाहीत. घरी सगळेच गोड बोलतात. चौकशी करायची ती वाटेवर, पाणवठ्यावर, दुकानाच्या पायरीवर, आपण कोण ते न सांगता. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्यातल्या प्रत्येकानं कुणा ना कुणासाठी अशी चौकशी केली होती. फक्त कुणी आपलीही करील, हे सुचलं नाही.

त्या सकाळी थंडी होती. दत्तू बहिणीकडे अनगोळला गेला होता, म्हणून आम्ही तिघेच. वडाशी एक लाल पटकेवाला, घोंगडं पांघरलेला गृहस्थ भेटला. बैलं बघायला बाजारात चाललोय म्हणाला, आणि आमच्याबरोबर चालू लागला. आमची गाऱ्हाणी झाली. मग दत्तूची पाळी आली, आणि नियमाप्रमाणे भरमाण्णा दत्तू झाला. डोक्यावर बुट्टी असल्यासारखी मान ताठ केली, आवाज खाली आणला.

"माझ्या म्हशीला एक पोरगी हाय," तो सुरू झाला. "न्हाय, चुकलं, पोरीला एक म्हस हाय. दोघींत लाथ कुणाची जोरात, ह्येचा निकाल अजून लागला न्हाय. भाकरी अशी करती, वहाणंला टाच म्हणून मारली तर दोन पावसाळे निघत्यात. परवा शेजाऱ्याचा बोकड हाणला काठीनं, तवापास्नं बोकड आमच्या गल्लीतनं मान खाली घालून जातंय. तिची आई बोलायला लागली की मी म्हशीपाशी जाऊन बसतोय, आणि पोरगी बोलायला लागली की म्हस माझ्यापाशी येऊन बसती."

गुंडू हसून हसून रस्त्याच्या कडेला गेला. मीही हसलो. मास्तर असूनही हसलो. सगळ्यांत जास्त हसला तो लाल पटकेवाला. नाक्यापाशी त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "हे लोणीवाले दत्तू म्हंजे शेवंताचे वडीलच न्हवं?"

"व्हय की," आम्ही तिघे एकदम म्हणालो. गृहस्थ रामराम करून गेला.

शेवंताचं नाव आमच्यापैकी कुणी घेतलंच नव्हतं. हे लक्षात यायला आम्हाला तीन दिवस लागले. त्यात एक मास्तर होता आणि एक कोर्टातला होता.

चौथ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. निपाणीकरांना मुलगी जरा तिखट वाटते, तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघा. दत्तूनं लोणी विकायला न जाता गावभर फिरून कोण काय बोललं याचा माग काढला, आणि संध्याकाळी भरमाण्णाच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथेच होतो. त्यानं एवढंच विचारलं, "माझ्या पोरीवर बोललास?"

"बोललो," भरमाण्णा म्हणाला. "तू आला न्हवतास म्हणून..."

दत्तूनं पुढचं ऐकलं नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पाठ वळवून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या अर्धा तास आधी निघू लागला.

मग आम्ही तिघेच चालायचो. भरमाण्णा कोंबड्याचं काढायचा आणि अर्ध्यात सोडून द्यायचा. दत्तूची पाळी आली की कुणी काही बोलायचं नाही, तेवढा रस्ता आम्ही मुकाट्यानं काढायचो. नियमाप्रमाणे त्याचं गाऱ्हाणं आम्ही मांडायला हवं होतं. पण त्याचं गाऱ्हाणं आम्हीच होतो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी व्याख्यान देतो, तसं मी भरमाण्णाला माणसानं जीभ कशी आवरावी ते सांगू लागलो. त्यानं नाक्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, आयतवारी निपाणीला जायाचं. तुमास्नी चांगलं बोलायला येतंय. तुमी बोलायचं."

लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. चढ आला की मोटार थांबायची आणि उतारू उतरून ढकलायचे. संकेश्वराच्या अलीकडे आम्ही तिसऱ्यांदा ढकलत होतो तेव्हा भरमाण्णा म्हणाला, "तिकीट मोटारीनं आमाला द्यायला पायजे हुतं." बऱ्याच दिवसांनी तो असं बोलला म्हणून मला बरं वाटलं.

जोतीराम आप्पाच्या ओसरीवर पोहोचलो तर लाल पटका खुंटीला. तंबाखूचा वास इतका की बसल्या बसल्या मला तीन शिंका आल्या. आप्पानं आम्हाला ओळखलं, पाणी दिलं, आणि तंबाखूच्या पानांच्या ढिगापाशी बसला. ठरल्याप्रमाणे मी सुरू झालो. कन्या सुशील आहे, गृहकृत्यदक्ष आहे, विनयसंपन्न आहे, तिचे पिताजी सत्त्वस्थ वृत्तीचे गृहस्थ आहेत. वर्गात मी असंच बोलतो आणि मुलं झोपतात.

आप्पानं शेजारच्या ढिगातलं एक पान उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "मास्तर, ह्या पानाला गुळाचं पाणी मारलंय. वास किती ग्वाड येतोय बघा. असला माल आमी परत पाठवतोय." आणि तो उठला. म्हणजे आम्हीही उठायचं होतं.

मी उठलो. भरमाण्णा उठला नाही. तो रागानं लाल झाला होता.

"बसा आप्पा," तो म्हणाला. "गूळ पुरे झाला. त्या दत्तूचं मला इचारा. एकोणीस वर्सं त्या माणसाबरोबर चालतोय, माझ्याइतकं त्येचं वाईट कुणाला म्हाईत न्हाय. पैल्यांदा, खोटारडा हाय. माझी बायकू बाळंतपणात अंथरुणाला खिळली तर महिनाभर रोज सकाळी दारात लोण्याचा गोळा. इचारलं तर म्हणतोय, म्हस दूध जास्त देती. म्हस त्या महिन्यात आटलेली! गाभण म्हशीचं दूध सांगतोय मला! दुसरं, येडा हाय. पोरीचं पैलं स्थळ बैलजोडीवर अडलं, तर हा म्हस इकायला निघाला. आणि पोरगी बापापेक्षा हट्टी. म्हणाली, म्हस इकलीसा तर मी लगीनच करणार न्हाय, तुमी खाणार काय? आता सांगा, ही काय पोरीच्या जातीनं बोलायची रीत? बोकड हाणला म्हणून मी बोललो, खरंच हाणला. शेजारी एक आंधळी म्हातारी हाय, तिच्या मेथीच्या वाफ्यात शिरलेला. तीनदा हाकलला, चवथ्यांदा काठी घेतली. लई तापट. भाकरी जाड करती हे बी खरं. पातळ करायला येळ कुठला? घरात खाणारी तीन, भाकरी करती सा माणसांच्या. त्या म्हातारीच्या, एका लंगड्या गड्याच्या, आणि..." इथं तो थांबला. "माझी बायकू पडलीती तवा माझ्याबी. जाड हुत्या. मी रोज नावं ठेवून खाल्ल्या."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

"आणि त्येचा सगळ्यांत मोठा दोष," भरमाण्णा म्हणाला, आता आवाज खाली आला होता, "एकोणीस वर्सं माझ्यासारख्याला शेजारी चालू दिलं. पोरीचं वाटोळं झालं ते त्येच्यापायी. ह्येच्यापेक्षा जास्त वाईट मला म्हाईत न्हाय. असतं तर सांगिटलं असतं. मला पोटात ठेवता येत न्हाय."

आप्पा काही बोलायच्या आत आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "अवो, आंधळीच्या वाफ्यासाठी काठी घेणारी पोरगी सोडतायसा व्हय? तुमच्या त्या तीन बहिणींपुढं दुसरं कोण टिकणार हाय?"

आप्पानं हातातलं पान ढिगात टाकलं आणि मध्यस्थाकडून होकार कळवतो म्हणाला. पुढे अनेक वर्षं तो लोकांना सांगायचा की हा निर्णय त्यानं स्वतः, पारख करून घेतला.

निघताना भरमाण्णानं एकच मागितलं. आम्ही आलो होतो हे हिंडलग्यात कळता कामा नये. वाटेत मी कारण विचारलं. "कळलं तर दत्तूला उपकार वाटंल," तो म्हणाला. "उपकार वाटलेला माणूस रोज सकाळी हसतोय. ते बघत दीड कोस कोण चालणार?"

वैशाखात लग्न झालं. दत्तूनं गावभर अक्षता दिल्या. भरमाण्णाच्या दारावरून तो सरळ पुढे गेला. मी तोंड उघडणार होतो, पण शब्द दिला होता. लग्नाच्या दिवशी गाव मांडवात होतं आणि भरमाण्णा कॅम्पात खाकी विजारींना बटणं लावत होता. दुसऱ्या सकाळी वडाखाली मला म्हणाला, "ताशेवाला बेताल हुता." कॅम्पात ताशा ऐकू गेला नसता. म्हणजे परत येऊन तो कुठंतरी आडोशाला उभा राहून ऐकत होता. मला माझ्या शब्दाचा राग आला होता.

दत्तू आधी निघतच राहिला. ज्येष्ठ गेला, आषाढाचा पाऊस धो धो पडला, गोणपाटाच्या खोळी पांघरून आम्ही तिघे चिखल तुडवत राहिलो.

पंचमीला शेवंता माहेरी आली. गाडीतून उतरली ती आपल्या घरी न जाता आधी भरमाण्णाच्या घरात शिरली. निपाणीत तिच्या सासऱ्यानं लग्नानंतर आठवडाभरच दम काढला होता, मग येईल त्याला ती ओसरीवरची गोष्ट सांगत सुटला होता. सासूनं ती शेवंताला अक्षर अन् अक्षर ऐकवली होती. ती भरमाण्णाच्या पाया पडली. भरमाण्णा म्हणाला, "वाळलीस. सासू उपाशी ठेवती काय?" ती म्हणाली, "भरमाकाका, मी आज बाबास्नी सगळं सांगणार," आणि तो अडवायच्या आत घराकडे गेली.

दुसऱ्या सकाळी पाऊस थांबला होता. आम्ही वडाशी आलो तर दत्तू उभा होता. बुट्टी खाली ठेवलेली. गुंडूनं मला कोपरानं ढोसलं. भरमाण्णा दहा पावलांवर थांबला, पुढे येईना.

"निपाणीला गेलतास?" दत्तूनं विचारलं.

"गेलतो."

"माझ्याबद्दल काय काय सांगिटलास?"

"खरं तेवढंच."

"सगळं?"

"मोटार सुटायची हुती," भरमाण्णा म्हणाला. "निम्मंच झालं."

दत्तूनं वाकून बुट्टी डोक्यावर चढवली. तो रडत होता आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "मग चल," तो म्हणाला. "निम्मं ऱ्हायलंय ते सांग."

भरमाण्णानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग तो दत्तूच्या शेजारी जाऊन चालू लागला. आम्ही वाट पाहात मागून चाललो. दीड कोस संपला, नाका आला, तरी त्याला एक शब्द सापडला नाही.

पुढच्याच महिन्यात माझी बदली कणकुंबीच्या रानातल्या शाळेवर झाली. मुख्याध्यापकांनी माझी शिफारस केली होती म्हणे. नंतर भरमाण्णा मला भेटला नाही, त्यामुळे आठवला की मला तोच दिवस आठवतो. नाक्यापाशी गुंडू कोर्टाकडे गेला, मी शाळेच्या वाटेला वळलो आणि मागे पाहिलं. दोघे कॅम्पाच्या रस्त्यानं चालले होते. दत्तू बोलत होता. जन्मात कधी बोलला नाही तेवढं, हात उडवून उडवून बोलत होता, डोक्यावरची बुट्टी डुलत होती. आणि भरमाण्णा त्याच्या शेजारून मान खाली घालून चालला होता आणि एकेक शब्द ऐकून घेत होता.